सेल्फ मस्त मारतोय पण गाडी पकडत नाही, ईसीएम बदलू का?

दादा, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात परत सांगतो. २०१४ ची पेट्रोल हॅचबॅक, नंतर बाहेरून बसवलेलं सिक्वेन्शियल (इंजिनच्या प्रत्येक सिलिंडरला आळीपाळीने वेगळा गॅस सोडणारं) सीएनजी किट. बार्शीत भर उन्हात बाजारात गाडी लावली, सामान घेऊन आलात तर सेल्फ जोरात मारतोय पण इंजिन पकडत नाही. तासाभराने परत चावी फिरवली तर जसं काही झालंच नाही अशी चालू. मग असं अधूनमधून व्हायला लागलं आणि आता कालपासून अजिबातच नाही. तोपर्यंत नवीन बॅटरी झाली, चारी प्लग झाले, मेस्त्रींनी स्कॅनर लावला तर कोड काही आला नाही, म्हणून आता ते म्हणतायत ईसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर) गेला, बावीस हजार तयार ठेवा. आणि तुम्ही विचारताय की ईसीएम नवा घ्यावा का जुन्या बाजारातला.

सध्या कुठलाच घेऊ नका.

माझं गॅरेज कराडला हायवेच्या कडेला आहे, त्यामुळे टोचन करून आलेल्या अशा गाड्या नेहमीच्याच. गाडी समोर नसताना मी "हाच पार्ट गेलाय" असं छातीठोक सांगणार नाही, मॉडेलनुसार आणि मुख्य म्हणजे किट कुणी कसं बसवलंय त्यावर बरंच अवलंबून आहे. पण तुम्ही जे लिहिलंय त्यात दोन-तीन गोष्टी अशा आहेत की ईसीएमवर संशय घ्यायची वेळ अजून आलेलीच नाही.

आत्ता काय बदलायचं हे शोधूच नका, इंजिनला काय मिळत नाहीये ते शोधा. सेल्फ जोरात फिरतोय म्हणजे बॅटरी, सेल्फ आणि मोठ्या केबली बहुतेक बरोबर आहेत (म्हणजे बॅटरीचे पैसे खरं तर तिथेच वाया गेले, असो). बहुतेक म्हणतोय कारण कधी कधी सेल्फ फिरतो पण फिरताना व्होल्टेज इतकं पडतं की ईसीएमच झोपतो, म्हणून सेल्फ मारताना बॅटरीवर मीटर लावून बघायचा, साडेनऊ-दहाच्या खाली जायला नको. तुमची बॅटरी नवीन आहे तर फक्त टर्मिनल घट्ट आहेत का आणि इंजिनची अर्थिंगची पट्टी कुजलेली नाही ना एवढं बघा. पुढे पेट्रोल इंजिनला पेट्रोल पाहिजे, प्लगला करंट पाहिजे, कॉम्प्रेशन पाहिजे आणि हे सगळं वेळेवर पाहिजे. इंजेक्शनच्या गाडीत आणखी दोन गोष्टी आल्या, इंजिन फिरतंय हे ईसीएमला कळायला पाहिजे आणि इमोबिलायझरने (चोरी रोखायला चावी ओळखणाऱ्या यंत्रणेने) चावीला परवानगी द्यायला पाहिजे. यातलं नेमकं काय गायब आहे ते कळलं की पार्ट आपोआप कळतो. ते न बघता एकेक पार्ट बदलत जाणं म्हणजे अंधारात दगड मारणं, आणि दगड तुमच्या पैशाचे.

त्याआधी एक. सेल्फ एका वेळी दहा सेकंदांच्या वर मारू नका, मध्ये अर्धा मिनिट थांबा, नाहीतर सेल्फ जळून एका बिघाडाचे दोन होतील. आणि धक्का मारून किंवा टोचन करून गिअरवर चालू करायच्या फंदात तर पडूच नका. सेल्फ इंजिन फिरवतोच आहे, धक्क्याने वेगळं काय होणार? उलट न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरमधल्या कॅटमध्ये (धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये) जाऊन साठतं आणि नंतर गाडी चालू झाली की कॅट तापून खराब होतो.

आता सेल्फ न मारता चावी नुसती ऑन करा आणि तीन सेकंद डॅशबोर्डवरच्या मीटरकडे बघा, कान मागच्या सीटकडे ठेवा, शेजारी कुणी बोलत असेल तर त्याला गप्प बसवा. चेक इंजिनचा पिवळा दिवा लागायलाच पाहिजे. दिवाच लागत नसेल तर ईसीएमला सप्लायच नाहीये, मग मेन रिले (करंट जोडणारा-तोडणारा स्विच), फ्यूज, अर्थ यांच्याकडे जायचं. तुम्ही लिहिलंय की दिवा लागतो आणि स्कॅनर पण जोडला गेला. म्हणजे ईसीएमला करंट मिळतोय आणि तो बोलतोय. अगदी मेलेला ईसीएम स्कॅनरशी बोलत नाही. आत अर्धवट काही बिघाड असू शकतो, नाही असं नाही, पण तो संशय सगळं तपासून झाल्यावर, सगळ्यात शेवटी. आणि जुन्या बाजारातला ईसीएम आणून नुसता बसवून भागत नाही हेही ध्यानात घ्या, इमोबिलायझर असेल तर तो तुमच्या चावीला ओळखणारच नाही, परत मॅचिंगचा खर्च.

मग इमोबिलायझर. चावीचं किंवा कुलपाचं चित्र असलेला दिवा चावी ऑन केल्यावर भराभर लुकलुकत राहिला तर ईसीएमला चावी पटलेली नाही. बऱ्याच गाड्यांत अशा वेळी सेल्फ व्यवस्थित मारतो, फक्त इंजिन पकडत नाही, आणि माणूस पेट्रोल-प्लग शोधत बसतो. दुसरी चावी घरात असेल तर ती लावून बघा, फुकटची टेस्ट आहे. तीन सेकंदांतली तिसरी गोष्ट म्हणजे टाकीतल्या मोटरचा (इंजिनकडे पेट्रोल ढकलणाऱ्या पंपाचा) आवाज, चावी ऑन केली की मागच्या सीटखाली गूंऽऽ असा दोन-तीन सेकंद येतो आणि बंद होतो. कळत नसेल तर मागची सीट उचलून कान लावा.

आता तुमच्या केसमधली सगळ्यात कामाची खूण. गरम झाल्यावर बंद, गार झाल्यावर आपोआप चालू. प्लग खराब असले तर ते ऊन बघून वागत नाहीत. प्लगला करंट देणाऱ्या चार वेगळ्या कॉइल असतील तर चारी एकदम गरम होऊन बंद आणि गार होऊन एकदम चालू हेही होत नाही, एखादी गेली तर गाडी तीनवर मिसिंग मारत का होईना चालते. गरमीने रुसणारे आणि एकट्याने गाडी बंद पाडणारे माझ्या बघण्यात मुख्य तीन, क्रँक सेन्सर, टाकीतली मोटर आणि रिले. चौथा मान तुमच्या केसमध्ये किटच्या वायरिंगला द्यावा लागेल, त्याच्याकडे येतोच.

क्रँक सेन्सर इंजिनच्या खालच्या अंगाला, फ्लायव्हीलजवळ नाहीतर पुढच्या पुलीजवळ असतो. इंजिन फिरतंय आणि पिस्टन कुठे आहे हे तो ईसीएमला सांगतो. त्याच्या आतली बारीक तार वर्षानुवर्षं गरम-गार होऊन कुठेतरी तुटायला आली की गरम झाल्यावर जोड सुटतो, गार झाल्यावर परत टेकतो. आणि एक दिवस कायमची तुटते. तुमच्या गाडीने नेमकं असंच केलंय, आधी अधूनमधून, आता कायमचं.

"पण स्कॅनरला कोड नाही आला ना?" यावर बरेच मेस्त्री पण फसतात. सेन्सर पूर्ण गप्प झाला की ईसीएमच्या दृष्टीने इंजिन फिरतच नाहीये, तर तो तक्रार कशाची करणार? काही ईसीएम कॅम सेन्सरवरून ओळखतात की एक बोलतोय आणि दुसरा गप्प आहे, मग पी०३३५ (क्रँक सेन्सरचा कोड) टाकतात, काही टाकत नाहीत. म्हणून कोड बघून स्कॅनर काढून ठेवायचा नाही, लाइव्ह डेटा लावायचा आणि सेल्फ मारत असताना आरपीएम बघायचा. सेल्फवर इंजिन साधारण २०० ते २५० आरपीएमने फिरतं, तसा काहीतरी आकडा दिसला पाहिजे. आकडा शून्यावरच चिकटून राहिला तर सेन्सर, त्याची वायर किंवा कनेक्टर. आपल्याकडे पेट्रोल-डिझेल गाड्यांना २०१३ पासून ओबीडी-२ (गाडीने स्वतःचे बिघाड स्कॅनरला सांगायची सोय) सक्तीचं झालं, त्यामुळे तुमच्या २०१४ च्या गाडीला स्टिअरिंगखालच्या पोर्टमध्ये ब्लूटूथवालं साधं अडॅप्टर लावून मोबाइलवर पण हे दिसेल. तेही नसेल तर मीटरमधला आरपीएमचा काटा बघा, सेल्फ मारताना जरासा तरी उचलला जातो का. सगळ्या गाड्यांत उचलत नाही, त्यामुळे काटा हलला तर चांगली खूण, नाही हलला तर अजून काही सिद्ध झालं नाही.

गाडी गरम होऊन बंद पडते त्याच वेळी करायची एक जुनी युक्ती आहे, सेन्सरपर्यंत हात पोचत असेल तर गार पाण्यात भिजवलेलं फडकं त्याच्यावर पाच मिनिटं ठेवायचं आणि सेल्फ मारायचा. पकडली तर चोर सापडला. (पंखा आणि सायलेन्सरचा मॅनिफोल्ड सांभाळून, आणि पाणी बादलीने ओतू नका.) तुमची आता गार असताना पण चालू होत नाही, म्हणून सरळ मीटर. दोन वायरचा सेन्सर असेल तर रेझिस्टन्स मोजा, आकडा गाडीप्रमाणे बदलतो तो मॅन्युअलमध्ये बघा, पण मीटरने ओपन दाखवलं तर वाद संपला. तीन वायरचा हॉल टाइप असेल तर रेझिस्टन्स मोजण्यात अर्थ नाही, सप्लाय, अर्थ आणि सिग्नल बघावा लागतो.

आता मोटर, आणि इथे सीएनजीवाल्यांनी नीट ऐका. टाकीतली मोटर पेट्रोलमध्ये बुडालेली असते आणि त्याच पेट्रोलने गार राहते. गॅसवर चालणाऱ्या गाडीत माणूस महिनोन्महिने दोनशे-तीनशेचं पेट्रोल टाकून रिझर्व्हवर फिरतो. काही किटमध्ये गॅसवर गेल्यावर पण मोटर चालूच राहते, ती रिकाम्या टाकीत तापत बसते आणि तिचे ब्रश संपतात. वर आता पंपावर २० टक्के इथेनॉलवालं पेट्रोल, इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, पेट्रोल पडून राहिलं आणि पाणी जास्त झालं की ते खाली बसतं, आणि मोटर उचलते तळातूनच. त्यामुळे गॅसची गाडी असली तरी टाकीत सात-आठ लिटर ताजं पेट्रोल ठेवा आणि रोज थोडी पेट्रोलवर चालवा.

मोटरचा आवाज येतो म्हणजे प्रेशर आहे असं समजू नका. आवाज येऊन प्रेशर नसलेल्या गाड्या भरपूर बघितल्यात. गेज लावलं तर अशा इंजिनला साधारण तीन ते चार बार मिळायला हवं आणि मोटर बंद झाल्यावर काटा धाडकन खाली यायला नको. गेज नसेल तर एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने टाकीच्या बुडाला रबरी हातोड्याने हलके ठोके द्यायचे, घासलेले ब्रश तेवढ्यापुरते टेकतात आणि गाडी पकडते. पकडली तर खूश होऊन गावाला निघू नका, सरळ मोटर बदलायला जा.

यावरून एक गाडी सांगतो. वाईहून आमच्याकडे टोचन करून आली होती, दुसरीकडे मोटर नवीन टाकून झालेली तरी तेच, दुपारी बंद, रात्री चालू. मागची सीट उचलली, झाकण काढलं, मोटरचा कनेक्टर हातात घेतला तर पांढरं प्लास्टिक एका पिनेभोवती चॉकलेटी झालेलं, पिन काळी, आणि कनेक्टर ओढल्यावर पिनेबरोबर वितळलेल्या प्लास्टिकची बारीक तार सुटून आली. आधीच्या मेस्त्रींनी तिथे टेस्टर लावला होता, टेस्टर लागत होता, म्हणून त्यांनी सप्लाय ओके धरला. पण एलईडी टेस्टरला करंट लागतो किती? तेवढा तर कुजक्या जोडातून पण जातो. मोटर जोडलेली ठेवून मागून पिना टोचून व्होल्टेज मोजलं तर सात पण येत नव्हते. सप्लाय मोजायचा तो लोड चालू असताना, हे तुमच्या मेस्त्रींना पण सांगा, रागावणार नाहीत. रिलेचं सोपं आहे, फ्यूज बॉक्समध्ये त्याच नंबरचा दुसरा रिले बहुतेक असतोच, हॉर्नचा किंवा एसीचा, तो अदलाबदल करून बघा.

आता तुमचं सीएनजी किट. सगळे त्याला शिव्या देतात, पण इथे ते तुम्हाला फुकटात मोठी टेस्ट करून देतं. सिक्वेन्शियल किट एरवी पेट्रोलवर चालू होऊन इंजिन जरा गरम झालं की गॅसवर जातं. पण बऱ्याच किटमध्ये डॅशबोर्डवरचं बटण दाबून धरून चावी ऑन केली की सरळ गॅसवर सेल्फ मारता येतो, पेट्रोल संपलं तर म्हणून ही सोय. पद्धत किटप्रमाणे वेगळी, बसवणाऱ्याला फोन करून विचारा. सिलिंडरमध्ये गॅस आहे ना हेही बघा, आणि गॅसचा वास येत असेल तर यातलं काहीच करू नका, सिलिंडरचा व्हॉल्व्ह बंद करून किटवाल्याला बोलवा.

गॅसवर गाडी पकडली तर विचार करा काय काय एका फटक्यात सुटलं. कॉम्प्रेशन आहे, करंट आहे, क्रँक सेन्सर बोलतोय, चावी पटलेली आहे. आणि सिक्वेन्शियल किटचा गॅसवाला ईसीयू (किटचा स्वतःचा कॉम्प्युटर) गॅस कधी आणि किती सोडायचा हे गाडीच्या मूळ ईसीएमच्या पेट्रोल इंजेक्टरच्या सिग्नलवरूनच ठरवतो, म्हणजे तुमचा ईसीएम सिग्नल पण देतोय. बावीस हजार वाचले. मग राहिली फक्त पेट्रोलची बाजू, मोटर, फिल्टर, प्रेशर, नाहीतर किटने कापलेले इंजेक्टर. किट बसवताना पेट्रोल इंजेक्टरच्या वायरी मध्ये कापून किटच्या वायरिंगमधून फिरवतात म्हणजे गॅसवर गेल्यावर पेट्रोल बंद करता येतं. ते जोड बऱ्याच ठिकाणी नुसते पिळून काळी टेप गुंडाळलेले असतात, उन्हात टेपचा डिंक सुटतो, जोड ढिला होतो. चांगल्या किटला तिथे कनेक्टर असतो, तो काढून मूळ वायरिंग सरळ जोडता येतं, तसं करून गाडी पेट्रोलवर पकडली तर किटवाल्याकडे जा.

गॅसवर पण नाही पकडली तर मग करंट आणि इंजेक्टरचा सिग्नल दोन्ही बघायचे. एक कॉइल काढून तिला स्पार्क टेस्टर लावायचा, हातात प्लग धरून बघायची हौस करू नका, तिथे हजारो व्होल्ट असतात. आणि त्या वेळी मोटरचा फ्यूज काढून ठेवा, आसपास पेट्रोलची वाफ नको. इंजेक्टरच्या कनेक्टरला बारीक टेस्ट लॅम्प लावला की सेल्फ मारताना तो लुकलुकला पाहिजे. दोन्हीकडे काहीच नाही, आणि मोटर पण सुरुवातीच्या दोन-तीन सेकंदांनंतर परत चालू होत नाही, म्हणजे या तिघांना हुकूम देणारी गोष्टच गप्प आहे, क्रँक सेन्सर, इमोबिलायझर किंवा ईसीएमचा सप्लाय-अर्थ. दोन वेगवेगळे पार्ट एकाच दुपारी जात नाहीत. उलट करंट आहे आणि फक्त पेट्रोल नाही तर मोटरच्या बाजूला जा, पेट्रोल आहे आणि करंट नाही तर कॉइलचा कॉमन फ्यूज आणि सप्लाय बघा. काढलेले प्लग पण बोलतात, खूप वेळ सेल्फ मारूनही कोरडे ठणठणीत म्हणजे पेट्रोल पोचत नाहीये, ओले आणि वास येतोय म्हणजे पेट्रोल आहे, करंट नाही किंवा नुसतं फ्लड झालंय. फ्लड असेल तर ॲक्सिलरेटर पूर्ण दाबून धरून सेल्फ मारा, बऱ्याच गाड्यांत त्यामुळे इंजेक्टर बंद होतात आणि आतलं जादाचं पेट्रोल निघून जातं.

उंदरांचं विसरू नका. बाजार समितीजवळ किंवा शेतात गाडी उभी राहत असेल तर बॉनेट उघडून इंजेक्टर आणि सेन्सरच्या वायरी टॉर्च मारून नीट बघा. मोठ्या जाडजूड केबलीला ते हात लावत नाहीत, नेमकी बारीक सिग्नलची वायर कुरतडतात.

कॉम्प्रेशनबद्दल तुमच्या बाबतीत मला काळजी नाही, कारण टायमिंग बेल्ट तुटला तर गार झाल्यावर परत जोडला जात नाही. पण दुसऱ्या कुणाला हा त्रास असेल तर सेल्फचा आवाज ऐका. नेहमी तो लयीत, जोर लागल्यासारखा हुं-हुं-हुं येतो. तो एकदम हलका, सलग, नेहमीपेक्षा जोरात फिरल्यासारखा यायला लागला आणि गाडी चालता चालता बंद पडली असेल तर परत सेल्फ मारू नका, बऱ्याच इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हला लागून व्हॉल्व्ह वाकतात. पाण्यात बुडालेल्या गाडीला तर आतलं पाणी काढेपर्यंत सेल्फ द्यायचाच नाही, एकदाही नाही.

डिझेलवाल्यांना यातलं निम्मंच लागू, करंटचा विषयच नाही. तिथे आधी एअर धरली का, फिल्टरमध्ये पाणी आलं का, आणि सेल्फवर रेल प्रेशर (इंजेक्टरला जाणाऱ्या डिझेलचं प्रेशर) बनतं का हे बघायचं. साधारण दोनशे-अडीचशे बारपर्यंत प्रेशर गेलं नाही तर बऱ्याच गाड्यांचा ईसीएम इंजेक्टर उघडतच नाही. आणि एअर इनटेकमध्ये कसलाही स्प्रे मारू नका, आतले ग्लो प्लग (डिझेल इंजिन चालू करताना आत गरम करणारे) लाल झालेले असतात.

तर दादा, उद्या सकाळी आधी दुसरी चावी लावून बघा, मग गॅसवर सेल्फ मारून बघा, नाही पकडली तर सेल्फ मारताना स्कॅनरवर आरपीएम दिसतो का ते बघा. या तीन गोष्टींना रुपयाचा पार्ट लागत नाही. माझा अंदाज विचाराल तर पहिला क्रँक सेन्सर, दुसरी मोटर किंवा तिचा कनेक्टर, तिसरे किटचे जोड, ईसीएम कुठेतरी लांब मागे. तिन्हीचं काय झालं ते इथे लिहा, त्यावरून पुढचं सांगतो. आणि किटची टेप सोडणार असाल तर आधी मोबाइलवर फोटो काढून ठेवा, किटच्या वायरींचे रंग गाडीच्या मूळ रंगांशी जुळतीलच असं नाही.